परातीवरचं नाव

लग्नाच्या पंगतीत भाताची परात समोर आली की माझी नजर आधी तिच्या काठावर जाते, आणि ते प्रकरण आजही जसंच्या तसं डोळ्यांपुढं उभं राहतं. बायको कोपरानं ढोसते. जेवायला आलाय की पंचनाम्याला, असं विचारते. निवृत्त होऊन काही वर्षं झाली तरी ही खोड गेलेली नाही.

तेव्हा मी कळंब तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. ठाण्याचं नाव सांगत नाही, गावाचं तर नाहीच. येरमाळ्यापासून फार लांब नाही, एवढं पुरे. माणसांचीही नावं देणार नाही. सगळी हयात आहेत आणि त्यांतलं एक माणूस अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

आधी ठाण्यातली एक गोष्ट सांगतो. माझ्या अगोदर तिथं माझाच बॅचमेट होता. प्रशिक्षणात आम्ही बरोबर होतो. कवायतीत तो माझ्या मागं पडायचा, कायद्याच्या पेपरातही. पण गडी बोलका, चार पुढाऱ्यांत ऊठबस असलेला. त्यानं कुणाकडून तरी ठाण्याला थंड पाण्याचा कूलर मिळवला आणि त्याच्यावर स्वतःच्या नावाची पाटी ठोकली, अमुक यांच्या प्रयत्नातून म्हणून. तीही नेमकी माझ्या केबिनच्या दारासमोर. फिर्यादी यायचे, गार पाणी प्यायचे आणि मिशा पुसत म्हणायचे, आधीचे साहेब लई चांगले होते. रात्र रात्र नाकाबंदीला उभा राहायचो मी, आणि चांगले ते! तिथं होतो तोवर मी त्या कूलरचा थेंब तोंडाला लावला नाही. कोपऱ्यात माठ आणून ठेवला. लोकांना वाटायचं, साहेबांना मातीच्या भांड्यातलं पाणी आवडतं. मला त्या माणसाचा हेवा वाटायचा. आजही वाटतो, आणि त्याची मला काही लाज वाटत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचा तपास त्या कूलरपाशीच लागला.

उन्हाळ्याचे दिवस होते, लग्नसराई जोरात होती. बीटचा हवालदार गावात फेरी मारून आला आणि म्हणाला, साहेब, भांडी मंडळात काहीतरी शिजतंय. हवालदार त्याच भागातला, वयानं माझ्यापेक्षा मोठा, गावागावातली सोयरीक त्याला तोंडपाठ. त्याची खबर कधी पोकळ नसायची. दुसऱ्याच दिवशी मंडळाच्या अध्यक्षबाई अर्ज घेऊन ठाण्यात हजर झाल्या. साठी ओलांडलेली बाई, नऊवारी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. सगळा गाव त्यांना आक्का म्हणायचा, म्हणून मीही आक्काच म्हणतो. अर्जात लिहिलं होतं की मंडळाच्या खोलीतली भांडी गायब आहेत, कुलूप शाबूत आहे, किल्ली फक्त खजिनदारबाईंकडं असते, सबब त्यांनीच भांडी विकून पैशाचा अपहार केला आहे. शिवाय बँकेतली शिल्लकही कमी झाली आहे, तिचीही चौकशी व्हावी.

हे मंडळ काय होतं ते सांगायला हवं. पूर्वी त्या गावात लग्न निघालं की मोठी भांडी बार्शीहून भाड्यानं यायची. भाडं, टेम्पो, वर पोचा पडला की दंड. आक्कांनी हे बंद केलं. हातातल्या पाटल्या मोडून त्यांनी तांब्याचे दोन हंडे आणि एक मोठं पातेलं आणलं, आणि शेजारणींना म्हणाल्या, तुम्ही पण घाला काहीतरी. कुणी पायलीभर धान्य दिलं, कुणी रोख दिले. ते मंडळ असं सुरू झालं. भाडं म्हणजे ज्याला जे जमेल ते. पैसे आक्कांच्या घरी पत्र्याच्या डब्यात, हिशेब आक्कांच्या डोक्यात. भावकीनं फुकट भांडी नेली तरी कुणी बोलायचं नाही, आणि आक्कांनी डब्यातून कुणाच्या बाळंतपणाला पैसे काढून दिले तरी कुणी विचारायचं नाही. बरीच वर्षं असंच चाललं आणि वाईट चाललं असं कुणी म्हणणार नाही.

मग मंडळाची नोंदणी झाली. नोंदणी झाली की धाराशिवला धर्मादाय कार्यालयात दरवर्षी तपासलेला हिशेब द्यावा लागतो, बँकेत खातं लागतं, दोघींच्या सह्या लागतात. हे करणार कोण? गावात एक अंगणवाडी सेविका होत्या. नवरा लवकर गेलेला, सासूला सांभाळायचं, मानधनावर घर चालायचं. त्यांना खजिनदार केलं. या बाईंनी पहिल्याच वर्षी दर ठरवले. गावाला अर्धं भाडं, बाहेरच्याला पूर्ण, अनामत सगळ्यांना. आक्कांच्या सख्ख्या भावाला मुलीच्या लग्नात पावती फाडायला लावली. गावात बोंब झाली, पण पैसा जमायला लागला. पंक्तीच्या ताटवाट्या आल्या, गॅसच्या शेगड्या आल्या. मग शीतपेटी आली, म्हणजे पुण्या-मुंबईला कामाला असलेली लेकरं पोचेपर्यंत मयत ठेवायची पेटी. आणि शेवटी बाईंनी नियमच केला की गावातला कुणीही गरीब माणूस सोलापूरला दवाखान्यात न्यायचा असेल तर जीपचं भाडं मंडळ देईल. शिल्लक कमी झाली होती ती त्यामुळं. मी बँकेत माणूस पाठवला, धाराशिवला विचारलं. पैशात खोट नव्हती.

पण भांडी गेली होती, हे तर खरं.

मी पंचनाम्याला गेलो. देवळाच्या अंगाला ग्रामपंचायतीनं दिलेली एक खोली, तिला लागून आक्कांचं घर. कुलपावर ओरखडा नाही. दुसऱ्या किल्लीचं विचारलं तर आक्का म्हणाल्या, ती कधीच हरवली. आत भांडी रचून ठेवलेली. गेलं काय होतं? भाताची मोठी परात, दोन तपेली आणि वाढायच्या काही बादल्या. सगळं स्टीलचं.

खजिनदारबाईंना ठाण्यात बोलावलं. महिला शिपाई शेजारी बसवून जबाब घेतला. अशा वेळी बायका रडतात किंवा भांडतात. या बाई दोन्ही करत नव्हत्या. विचारलं तेवढंच सांगत होत्या, आणि हातातली पिशवी घट्ट धरून बसल्या होत्या. किल्ली माझ्याचकडं असते, म्हणाल्या. मी दुसरं कुणाचं नाव घेणार नाही, कारण मी पाहिलेलं नाही. जबाबावर सही करून झाल्यावर एवढंच बोलल्या, "साहेब, गुन्हा नोंदवला की माझं मानधन थांबतं. घरात तेवढंच येतं. तुम्ही नोंदवायचा तर नोंदवा, पण आधी नीट बघा."

बघणं माझं कामच होतं. पण अर्ज अध्यक्षांचा, किल्ली आरोपीकडं, कुलूप शाबूत. कागदावर सगळं त्यांच्या अंगाशी येत होतं. वरून दोनदा फोन आला की गावात चर्चा आहे, अजून गुन्हा का नाही. मी प्राथमिक चौकशी चालू असल्याची नोंद केली आणि थोडी सवड मागून घेतली.

त्या दुपारी डोकं तापलं होतं. माठ रिकामा. पाणी भरणारा सुट्टीवर. घशाला कोरड पडलेली, समोर कूलर, त्याच्यावर ती पाटी. ग्लास हातात घेऊन उभा राहिलो आणि मेल्या, तुझ्या हातचं नको, असं मनात म्हणून परत फिरलो. आणि फिरता फिरताच थांबलो. पंचनाम्याचा कागद काढून पुन्हा वाचला. खोलीत तांब्याचे हंडे तसेच होते. कुठला चोर तांबं सोडून स्टील नेतो? तांबं वजनावर जातं, भंगारवालासुद्धा उभ्या उभ्या पैसे देतो. या चोराला पैसा नको होता.

हवालदाराला विचारलं, गेलेल्या भांड्यांवर काही नावं होती का? आपल्याकडं भांड्यावर नाव घालतातच, कुणाच्या स्मरणार्थ, कुणाकडून सप्रेम भेट. तो जरा आठवून म्हणाला, होती की. ज्यांची माणसं सोलापूरहून बरी होऊन आली, त्यांनी दिलेली भांडी ती. त्यांच्यावर खजिनदारबाईंचंच नाव घातलंय लोकांनी, बाईंच्या उपकाराची आठवण म्हणून. बाई नको नको म्हणत होत्या, पण लोक ऐकतात व्हय?

आणि आक्कांच्या हंड्यांवर, मी विचारलं. त्यांच्यावर कुणाचंच नाव न्हाय, साहेब. त्या टायमाला नाव घालणारा आला होता, तर आक्काच म्हणल्या होत्या, माझं नाव कशाला, गावाचं हाय.

मला पुढचं सांगायला कुणी लागलं नाही. पाटल्या मोडल्या एकीनं. प्रत्येक लग्नात तिनं मानानं पुढं बसायचं, आणि वाढपी भात घेऊन आला की परातीच्या काठावर दुसरीचं नाव. ताटाच्या वर, नाकासमोर. माझ्या नशिबी एक कूलर होता तर मी पाणी सोडलं. त्या बाईच्या नशिबी वर्षातली सगळी लग्नं आणि सगळे तेरावे होते.

पण माझ्या पोटात दुखतंय म्हणून दुसऱ्याच्याही दुखत असेल, हा काही पुरावा नाही. झडती घेऊन साठीच्या बाईच्या घरातून भांडी काढावीत, तर गाव पेटला असता, आणि घरात मिळाली नसती तर मी तोंडघशी पडलो असतो. मी गावात जाऊन देवळाच्या ओट्यावर लोक जमवले. सांगितलं की बार्शी, कळंब, लातूरच्या मोडीत भांडी घेणाऱ्या सगळ्या दुकानदारांना या भांड्यांची माहिती गेलेली आहे, आता घरोघर गोठ्यातल्या गव्हाणीपासून कडब्याच्या गंजीपर्यंत झडती होईल. त्याआधी भांडी आपल्या पायानं ओट्यावर आली तर मी कोणी आणली हे चारचौघांत विचारणार नाही. बोलताना मी आक्कांकडं एकदाही पाहिलं नाही. त्या मात्र माझ्याकडंच पाहत होत्या.

दुसऱ्या दिवशी दिवस उगवायला गुरवाचा फोन आला. भांडी ओट्यावर होती. हात लावू नको, कुणाला जवळ येऊ देऊ नको, असं त्याला बजावून मी आणि हवालदार निघालो. परात, तपेली, बादल्या, सगळं नीट ओळीनं मांडलेलं, वर कापड घालून झाकलेलं. हवालदारानं कापड उचललं आणि आत बघून हसायलाच लागला. प्रत्येक भांड्यात मूठभर ज्वारी होती.

"साहेब," तो म्हणाला, "चोर रीतभातीचा दिसतोय."

आमच्याकडं दुसऱ्याचं भांडं रिकामं परत देत नाहीत. शेजारणीची वाटी आली तर तिच्यात साखर घालून, काही नसेल तर चार दाणे घालून परत करतात. भांडं चोरून नेलेलं असो, परत करताना हात आपोआप कणगीत गेला होता. मी हवालदाराला सगळी ज्वारी एका रुमालात बांधायला लावली, भांडी पुसून घेतली आणि गुरवाला तोंड बंद ठेवायला सांगितलं. मग दोघींना ओळख पटवण्यासाठी बोलावणं धाडलं.

खजिनदारबाई आधी आल्या. भांडी पाहून खाली बसल्या, परातीवर हात ठेवला. मागून आक्का आल्या. त्यांनी बारकाईनं एक एक भांडं पाहून हीच आमची म्हणून सांगितलं. हवालदारानं लिहून घेतलं. आवाज खणखणीत होता, कुठं कापरं नाही. मी कागद मिटला आणि सहज बोलल्यासारखं बोललो.

"आक्का, भांडी मिळाली हे बरं झालं. पण चोर अगदीच हलक्या घरचा निघाला बघा. एवढी चांगली भांडी, पण रीत नाही भात नाही. रिकामीच आणून टाकली."

"रिकामी?" आक्का ताडकन म्हणाल्या. "मूठमूठ जोंधळं होतं की सगळ्यात."

मी गप्प बसलो. चौकशीत गप्प बसणं हे अर्धं काम असतं, नवीन पोरांना हे जमत नाही. हवालदारानं रुमाल सोडून ओट्यावर ठेवला. आक्कांनी ज्वारीकडं पाहिलं, मग माझ्याकडं, मग खजिनदारबाईंकडं. पदर तोंडाशी नेला आणि ओट्याच्या पायरीवर बसल्या. चोर ठरल्या असत्या तरी चाललं असतं, हलक्या घरच्या ठरणं त्यांना चाललं नाही.

दुसरी किल्ली त्यांच्या देव्हाऱ्यात होती. भांडी गव्हाणीत, कडब्याखाली ठेवली होती. मी विचारलं, विहिरीत का नाही टाकली, कायमचं मिटलं असतं. त्या म्हणाल्या, अन्नाचं भांडं विहिरीत टाकत्यात व्हय? त्याच आवाजात, जणू चूक माझी होती.

आता प्रश्न माझ्यापुढं होता. खोटा अर्ज दिला म्हणून आक्कांवर कारवाई करता आली असती. मी खजिनदारबाईंना बाजूला घेऊन विचारलं, तुमचं काय म्हणणं? त्या म्हणाल्या, मला गुन्हा नको, पण गावानं मला चोर म्हटलंय. सासूला पाण्याला गेल्यावर बायका विचारतात. ते आक्कांनी पुसलं पाहिजे, सगळ्यांसमोर.

मंडळाची बैठक त्याच ओट्यावर भरली. मी येऊ नये असं आक्कांचं म्हणणं होतं. मी गेलो. बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. आक्का उभ्या राहिल्या.

"भांडी म्या नेली," त्या म्हणाल्या. "ह्या पोरीचा काही दोष न्हाय. पंगतीत बसलं की हिचं नाव माझ्या तोंडापुढं यायचं. घास गिळंना मला. मंडळ म्या उभं केलं आन् लोक म्हणाया लागले बाईंचं मंडळ. जळत हुते म्या. झालं?"

खाली बसल्या. मला वाटलं संपलं. पण खजिनदारबाई उभ्या राहिल्या, आणि ठाण्यात न रडलेली ही बाई तिथं रडली.

"आक्का, हेवा मला तुमचा वाटायचा," त्या म्हणाल्या. "तुम्ही डब्यात हात घालून पैसे काढले, वाटले. कधी कुणी विचारलं नाही किती घेतले, कुणाला दिले. मी एकेक पावती फाडते, दोघींच्या सह्या घेते, धाराशिवला खेटे घालते. तरी पहिलं भांडं हललं की चोर कोण, तर मी. तुम्हाला गाव आक्का म्हणतं. मला अजून बाईच म्हणतं."

आक्कांनी वर पाहिलं. त्यांना हे कधी सुचलंच नव्हतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मग शेजारी जागा केली आणि तिथं हात आपटून म्हणाल्या, "ये, बस हितं." बाई जाऊन बसल्या. नंतर चहा आला आणि मी निघालो. अर्जदाराचा गैरसमज झाला होता असा जबाब घेऊन मी अर्ज दफ्तरी दाखल केला. मानधन थांबलं नाही. आक्का अध्यक्ष राहिल्या, बाई खजिनदार. पण मी आक्कांना हलक्या घरचं म्हटलं होतं, ते त्यांनी मला माफ केलेलं नाही. रस्त्यात दिसल्या तर पदर सावरून पलीकडं बघतात.

पुढं त्या गावातल्या एका लग्नाला हवालदारासोबत गेलो होतो. बाईंनी येरमाळ्याहून नाव घालणारा बोलावून तांब्याच्या हंड्यांवर आक्कांचं नाव घालून घेतलं होतं. हंडे पंगतीजवळच ठेवले होते, सगळ्यांना दिसतील असे. आक्का वाकून वाकून ते नाव बघत होत्या. अक्षरांवरून बोट फिरवलं, परातीपाशी गेल्या, परत हंड्यापाशी आल्या. मग बाईंना म्हणाल्या, "तुझं अक्षर माझ्यापेक्षा मोठं हाय गं." बायका हसल्या, बाई सगळ्यात जास्त हसल्या. आक्का हसल्या नाहीत. त्यांनी मापूनच पाहिलं होतं.

नोकरीत मी अपहाराची बरीच प्रकरणं पाहिली. पोलीस पहिला प्रश्न विचारतो तो पैसा कुणी खाल्ला. भजनी मंडळ असो, यात्रा कमिटी असो, भांडी मंडळ असो, या प्रकरणानंतर मी तो प्रश्न दुसरा विचारायला लागलो. आधी विचारायचो, नाव कुणाला मिळालं आणि कुणाला मिळालं नाही. पुष्कळदा पैसा जागच्या जागी असतो. माणसाला पैसा सोडता येतो. पाटल्या मोडणारी बाई त्याचं उदाहरण आहे. नाव सोडलं असं माणूस म्हणतो फक्त.

त्या ठाण्यातून माझी बदली झाली तेव्हा निरोपाचा छोटा कार्यक्रम झाला. सामान गाडीत चढलं. हवालदार माझा माठ धरून दारात उभा होता. माठ इथंच राहू दे म्हणालो, लोकांना होईल. त्यानं विचारलं, साहेब, याच्यावर तुमचं नाव घालून घेऊ का, रंगानं? मी त्याच्यावर खेकसलो. म्हटलं, माझं नाव कशाला, ठाण्याचा आहे तो.

गाडी येडशीच्या फाट्यापर्यंत आली आणि मला वाटलं, हो म्हणायला पाहिजे होतं.